सणालाच उलट विचारणाऱ्या पोथ्या

योम किप्पूर हा ज्यू पंचांगातला सर्वांत कडक उपासाचा दिवस. आदल्या दिवशी सूर्य मावळण्याआधी अन्नपाणी थांबतं ते दुसऱ्या दिवशी चांदण्या दिसेपर्यंत, म्हणजे सुमारे २५ तास. पाण्याचा थेंबही चालत नाही. अंघोळ नाही, अत्तर नाही, कातडी चपला-बूट नाहीत. पुष्कळजण पांढरे कपडे घालतात. एरवी वर्षभर सिनेगॉगकडे न फिरकणारी माणसंही या दिवशी येतात. सकाळची प्रार्थना बराच वेळ चाललेली असते, पोटात कावळे ओरडू लागलेले असतात, आणि नेमक्या त्या वेळी यशया संदेष्ट्याच्या ग्रंथातला एक भाग मोठ्याने वाचला जातो. त्यात देव उपास करणाऱ्यांनाच फैलावर घेतो. एकीकडे उपास धरायचा आणि त्याच दिवशी मजुरांना पिळायचं, आपसात हाणामाऱ्या करायच्या, आणि वर तक्रार करायची की देवाचं आमच्याकडे लक्ष नाही, हे कसलं व्रत, असं तो विचारतो. मान खाली घालून गोणपाटावर बसणं त्याला नको आहे. जखडलेल्यांना सोडवा, भुकेल्याला आपल्या भाकरीतला वाटा द्या, निराश्रिताला घरात घ्या, उघड्याला पांघरूण घाला. तसा उपास मला पाहिजे, असं त्याचं मागणं आहे.

उपासाच्या दिवशी उपासावरची टीका वाचायची, ही योजना कुणा बंडखोराची नाही. कोणत्या सणाला काय वाचायचं याची यादी तालमूद या ग्रंथातच दिलेली आहे, आणि तीत योम किप्पूरला सकाळी यशया व दुपारी योना असं नेमून दिलेलं आहे. म्हणजे ज्यांनी उपास इतका कडक ठेवला, त्यांनीच त्याची झडती घ्यायला संदेष्ट्याला बोलावून ठेवलं. ज्यू सणांचं वेगळेपण कशात आहे, असं कुणी विचारलं तर मी इथे बोट ठेवीन. या परंपरेने सणाला पोथी जोडली, आणि पुष्कळदा अशी पोथी जोडली की जी त्या सणालाच प्रश्न विचारते. देव मानणारे, न मानणारे, अधूनमधून मानणारे असे आजचे ज्यू या जुन्या पानांकडे परत येतात, त्याचं एक मोठं कारण हे आहे. तिथे होला हो करावंच लागत नाही.

दुपारच्या योनाचं बघा. माशाच्या पोटात तीन दिवस राहिलेला माणूस म्हणून तो सगळ्यांना माहीत असतो, पण मासा हा या कथेतला लहान भाग आहे. देव योनाला निनवे शहरात जाऊन सांगायला लावतो की तुमची पापं भरली आहेत. निनवे ही अश्शूरची राजधानी. याच अश्शूरने इसवी सनपूर्व ७२२ च्या सुमारास इस्राएलचं उत्तरेकडचं राज्य बुडवलं. शत्रूच्या शहराला सावध करायला जायचं, हे योनाला पटत नाही. तो उलट्या दिशेला, तार्शीशला जाणारं जहाज पकडतो. वादळ, मासा वगैरे झाल्यावर शेवटी तो निनवेला जातो, लोक पश्चात्ताप करतात आणि देव त्यांना माफ करतो. इथे कथा संपायला हरकत नव्हती. पण योना चिडतो. शत्रू सुटला म्हणून चिडतो. शहराबाहेर एका वेलीच्या सावलीत तो बसलेला असताना वेल वाळते, आणि त्याला तिचंही वाईट वाटतं. तेव्हा देव त्याला विचारतो की एका रात्रीत उगवून एका रात्रीत गेलेल्या वेलीची तुला कीव येते, मग ज्यांना डावं-उजवंही कळत नाही अशा एक लाख वीस हजारांवर माणसांची आणि पुष्कळ गुराढोरांची मी कीव करू नये का? या प्रश्नावर पुस्तक संपतं. योनाचं उत्तर दिलेलंच नाही. दिवसभर स्वतःसाठी क्षमा मागणाऱ्या उपाशी माणसांना संध्याकाळच्या तोंडावर विचारलं जातं की शत्रूला क्षमा मिळाली तर तुम्हाला चालेल का?

एकदा हे लक्षात आलं की बाकीच्या सणांतही तीच रीत दिसू लागते. रोश हशाना, म्हणजे नवं वर्ष. पहिल्या दिवशी वाचायचा भाग अब्राहामाच्या घरातला. त्याच्या घरातून हागार ही मिसरी दासी आपल्या मुलासह हाकलली जाते. रानात पाणी संपतं, मूल झुडपाखाली टाकून ती दूर जाऊन बसते, कारण त्याचं मरण तिला बघवत नाही. देव त्या मुलाचा आवाज ऐकतो आणि तिला विहीर दिसते. तो मुलगा इश्माएल. अरब आपली परंपरा त्याच्यापर्यंत नेतात. ज्यू नववर्षाची सुरुवात अशी आपल्याच कुलपित्याच्या घरात झालेल्या अन्यायाने होते. दुसऱ्या दिवशी इसहाकाला वेदीवर बांधल्याची कथा येते, तीही मनाला स्वस्थ बसू देणारी नाही. शाव्हुओत हा सिनाय पर्वतावर धर्मशास्त्र मिळाल्याचा सण. त्या दिवशी रूथची गोष्ट वाचायची रीत आहे. रूथ मवाबी. मवाब्यांना इस्राएलाच्या मंडळीत घेऊ नये असं खुद्द त्या धर्मशास्त्रातच लिहिलं आहे, आणि ही मवाबी विधवा सासूच्या मागे बेथलेहेमला येऊन शेतात सरवा वेचते, लग्न करते आणि दावीद राजाची पणजी होते. सुक्कोतला पीक घरात आलेलं असतं, फांद्यांनी शाकारलेल्या खोपटात बसून जेवायचं असतं, आनंद करावा अशी आज्ञाच असते. आणि युरोपीय ज्यूंकडे त्या आठवड्यात उपदेशकाचं पुस्तक वाचतात, ज्याच्या मते सगळी धडपड वाऱ्यामागे धावण्यासारखी आहे.

ही सवय कुठून आली असावी? इसवी सन ७० मध्ये रोमन सैन्याने यरुशलेमचं मंदिर जाळलं. बळी, पुरोहित, यात्रा हे सगळं एका फटक्यात संपलं. योहानान बेन झकाई नावाचा रब्बी वेढ्यातून शवपेटीत लपून बाहेर पडला आणि त्याने याव्हने गावी शिकवण्याची परवानगी मिळवली, अशी कथा आहे. कथा शब्दशः खरी असो वा नसो, पुढचं खरं आहे: मंदिराची जागा हळूहळू पाठशाळेने घेतली आणि बळीची जागा वाचन-प्रार्थनेने. सुमारे इसवी सन २०० मध्ये रब्बी यहुदा हनासीने तोंडी चालत आलेले नियम ‘मिश्ना’त संकलित केले. त्यावर बाबिलोनच्या पाठशाळांत तीनेक शतकं जो खल झाला, तो बाबिलोनी तालमूद. त्यात निकाल कमी आणि वाद जास्त आहेत. हरलेल्या पक्षाचं म्हणणंही जपून ठेवलेलं आहे. हिल्लेल आणि शम्माय यांच्या घराण्यांचा वाद तीन वर्षं चालला, तेव्हा आकाशवाणी झाली की दोन्ही बाजू देवाच्याच आहेत, पण आचरण हिल्लेलप्रमाणे करा. असं का? तर हिल्लेलचे शिष्य मृदू होते आणि आपलं मत सांगण्याआधी प्रतिपक्षाचं मत सांगत, असं कारण तालमूद देतो.

छापील पानातही हा वाद डोळ्यांना दिसतो. डॅनिएल बॉम्बर्ग या अँटवर्पहून आलेल्या ख्रिस्ती मुद्रकाने १५२० ते १५२३ या काळात व्हेनिसमध्ये अख्खा तालमूद छापला, आणि तेव्हाची पानांची मांडणी आजही पाळली जाते. मधोमध मूळ मजकूर. शिवणीकडच्या बाजूला फ्रान्समधल्या त्रॉय गावच्या राशीची टीका. राशीचा काळ १०४० ते ११०५. बाहेरच्या बाजूला त्याच्या नातवंडांनी आणि त्यांच्या शिष्यपरंपरेने आजोबांना काढलेल्या शंका. एका पानावर अनेक शतकांतली माणसं एकमेकांशी बोलत बसलेली असतात. १५५३ मध्ये रोममध्ये या ग्रंथाच्या प्रतींची होळी झाली, त्याआधी १२४२ मध्ये पॅरिसमध्ये गाड्या भरभरून पोथ्या जाळल्या होत्या. तरी पान टिकलं. १९२३ मध्ये रब्बी मेइर शापिरो यांनी व्हिएन्नात सुचवलं की जगभरच्या ज्यूंनी रोज तेच एक पान वाचावं. एकूण २,७११ पानं. साडेसात वर्षांत एक आवर्तन. ५ जानेवारी २०२० ला चौदावं आवर्तन सुरू झालं. त्या महिन्यात यरुशलेममध्ये हजारो बायकांनी समाप्तीचा सोहळा केला. ज्या पाठशाळेचं दार शतकानुशतकं त्यांना बंद होतं, तिचा ग्रंथ त्यांच्यातल्या काहींनी पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला होता.

तालमूदमधली एक कथा आज फार सांगितली जाते, आणि माझ्या मते ती बहुधा अर्धीच सांगितली जाते. अखनाय नावाच्या भट्टीची ती कथा. एका विशिष्ट पद्धतीने जोडलेली मातीची भट्टी शुद्ध की अशुद्ध, असा वाद निघाला. रब्बी एलिएजर म्हणाला शुद्ध. बाकी सगळे म्हणाले अशुद्ध. एलिएजरने सगळे युक्तिवाद करून पाहिले. कुणी ऐकेना. मग माझं बरोबर असेल तर हे झाड साक्ष देईल, असं तो म्हणाला आणि झाड मुळासकट उडून दूर जाऊन पडलं. झाडाचा पुरावा चालत नाही, असं उत्तर आलं. ओढा उलटा वाहिला, तोही चालला नाही. पाठशाळेच्या भिंती कलल्या, तेव्हा रब्बी यहोशुआने भिंतींनाच दटावलं की पंडितांच्या वादात तुमचं काय काम? शेवटी आकाशवाणी झाली की एलिएजर बरोबर आहे. यहोशुआ उठून उभा राहिला आणि त्याने बजावलं की शास्त्र एकदा माणसांच्या हाती दिलं, आता ते स्वर्गात नाही. इथे बहुमताने ठरतं. त्या वेळी देव काय करत होता, असं नंतर कुणीतरी एलिया संदेष्ट्याला विचारलं. तो हसला, आणि पोरांनी आपल्याला हरवलं असं कौतुकाने म्हणाला, असं एलियाने सांगितलं.

भाषणांत कथा इथे थांबते. माणसाच्या बुद्धीचा विजय, टाळ्या. तालमूदमध्ये ती पुढे जाते. त्याच दिवशी एलिएजरने शुद्ध ठरवलेली सगळी भांडी आणून जाळतात आणि त्याला बहिष्कृत करतात. हे त्याला सांगणार कोण? अकिवा हा त्याचा शिष्य जातो, काळे कपडे घालून, आणि नेहमीपेक्षा दूर बसतो. गुरू विचारतो की आज वेगळं काय आहे? अकिवा इतकंच सांगतो की सोबती तुमच्यापासून दूर राहताहेत असं दिसतं. एलिएजर कपडे फाडतो, जोडे काढतो, जमिनीवर बसतो आणि रडतो. त्याची बायको इम्मा शालोम ही बहिष्कार घालणाऱ्या सभेच्या प्रमुखाची, गमलिएलची, सख्खी बहीण. नवरा तोंडावर पडून दुःख देवापुढे मांडेल तर भाऊ वाचणार नाही, हे तिला ठाऊक असतं. म्हणून ती त्याला तसं कधी पडू देत नाही. एक दिवस दारात भिकारी येतो, ती त्याला भाकरी द्यायला उठते आणि परत येते तो नवरा जमिनीवर पडलेला. गमलिएल गेल्याची बातमी थोड्याच वेळात येते. ही सगळी कथा तालमूदच्या ज्या भागात आहे, तो भाग शब्दांनी माणसाला दुखावण्याच्या पापाविषयी आहे. वाद जिंकणं बरोबर होतं. जिंकल्यावर माणसाला एकटं पाडणं बरोबर नव्हतं. आज जाहीर चर्चेत माणसं ज्या वेगाने एकमेकांना वाळीत टाकतात ते पाहता, या कथेचा उत्तरार्धच आपल्या जास्त उपयोगाचा आहे.

क्षमेच्या बाबतीतही हे ग्रंथ सोपा रस्ता देत नाहीत. मिश्नाचा नियम असा की योम किप्पूरने देवाविरुद्धची पापं धुतली जातील, पण माणसाविरुद्धची नाहीत. त्यासाठी त्या माणसाचीच समजूत घालावी लागेल. बाराव्या शतकात कोर्दोबात जन्मलेल्या आणि इजिप्तमध्ये वैद्यकी करणाऱ्या मायमोनिदीसने याची रीतसर पद्धत लिहून ठेवली. आपण काय केलं ते उघड बोलायचं, स्वतःत बदल सुरू करायचा, नुकसान भरून द्यायचं, मग माफी मागायची. नाकारली तर मित्रांना बरोबर घेऊन पुन्हा, तीन वेळा. ज्याला दुखावलं तो वारला असेल तर दहा माणसं घेऊन त्याच्या थडग्यापाशी जाऊन कबुली द्यायची. पश्चात्ताप पुरा झाला हे कधी कळतं? तोच प्रसंग पुन्हा आला, तीच ताकद अंगात असली आणि तरी माणूस तसा वागला नाही, तेव्हा. दान्या रुटेनबर्ग या अमेरिकी रब्बीने २०२२ मध्ये एक पुस्तक लिहून ही पद्धत आजच्या प्रश्नांना लावली: लैंगिक अत्याचार करणारे प्रसिद्ध पुरुष, संस्था, गुलामगिरीवर उभी राहिलेली राष्ट्रं. माफी मागितली म्हणजे दुखावलेल्याने ती दिलीच पाहिजे, अशी घाई समाजाला असते. मायमोनिदीसकडे क्षमेचा नंबर फार उशिरा लागतो, ही त्यांनी दाखवून दिलेली गोष्ट मला फार मोलाची वाटते.

शब्बाथबद्दल आज सर्वांत जास्त बोललं जातं, कारण थकलेल्या जगाला तो लगेच समजतो. शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारी रात्रीपर्यंत काम बंद. मिश्नाने कामाचे ३९ प्रकार मोजलेले आहेत. अब्राहाम जोशुआ हेशेल यांनी १९५१ मध्ये शब्बाथवर एक छोटं पुस्तक लिहिलं. वॉर्सात जन्मलेले हेशेल नाझींच्या तावडीतून निसटून अमेरिकेत पोचले. आई आणि बहिणी मागे राहिल्या आणि मारल्या गेल्या. ज्याचं गावच पुसलं गेलं, त्याने लिहिलं की ज्यूंचं पावित्र्य जागेपेक्षा काळात वसतं. जागा जाळता येते. शनिवार कसा जाळणार? अलीकडे टिफनी श्लेन यांनी २०१९ च्या पुस्तकात आठवड्यातून एक दिवस घरातले सगळे स्क्रीन, फोन बंद ठेवण्याचा आपल्या कुटुंबाचा प्रघात सांगितला, आणि धार्मिक नसलेल्यांनीही तो उचलला.

हे चांगलंच आहे, पण आज्ञा एवढीच नाही. दहा आज्ञा बायबलमध्ये दोनदा येतात. निर्गमाच्या पुस्तकात शब्बाथचं कारण दिलंय की देवाने सहा दिवसांत जग घडवून सातव्या दिवशी विसावा घेतला. ‘अनुवाद’ या पुस्तकात कारण बदलतं: तुम्ही मिसरात गुलाम होता हे आठवा, म्हणून तुमचा दास, दासी, बैल, गाढव आणि गावातला परका यांनाही विसावा मिळू द्या. दोन्ही कारणं ठेवली आहेत, एकाने दुसरं खोडलेलं नाही. या दुसऱ्या कारणाने पाहिलं तर स्वतःचा फोन बंद करणं हा आरंभ झाला. माझ्या सुट्टीच्या दिवशी घरपोच जेवण आणून देणाऱ्याचा शनिवार कुठे गेला, हा प्रश्न उरतोच. हेशेल यांना तो कळला होता. २१ मार्च १९६५ ला अमेरिकेतल्या सेल्मामध्ये कृष्णवर्णीयांच्या हक्कांच्या मोर्चात ते मार्टिन लूथर किंग यांच्याबरोबर पहिल्या रांगेत चालले आणि आपले पाय प्रार्थना करत होते अशा अर्थाचं त्यांनी नंतर सांगितलं.

मिसरच्या गुलामीची खरी आठवण होते पेसाहच्या, म्हणजे त्या गुलामीतून सुटकेच्या सणाच्या, रात्री. ज्यू घरांत सर्वांत जास्त पाळला जाणारा विधी बहुधा हाच, आणि तो सिनेगॉगमध्ये होत नाही, जेवणाच्या टेबलाभोवती होतो. त्याला सेदर म्हणतात, आणि हातात जी पोथी असते ती हगादा. बेखमीर मात्सा, कडू भाजी, फळं आणि सुक्या मेव्याचा लगदा, मिठाचं पाणी. सुरुवात भुकेल्या प्रत्येकाला जेवायला बोलावून होते. मग घरातलं सर्वांत लहान मूल विचारतं की आजची रात्र वेगळी का? सगळी रात्र या प्रश्नावर उभी असते. तालमूद म्हणतो की मुलाला समज असेल तर मुलाने विचारावं, नसेल तर बायकोने, तीही नसेल तर माणसाने स्वतःलाच विचारावं. सगळे नियम तोंडपाठ असलेले दोन पंडित बसले असतील तर त्यांनीही एकमेकांना विचारावं. उत्तर येत असलं तरी प्रश्नाला सुट्टी नाही.

मिसरावर आलेल्या दहा पीडांची नावं घेताना प्रत्येक नावाला प्याल्यातल्या वाइनचा एक थेंब ताटलीत सांडतात. शत्रू मेला तरी मेला तो माणूसच, म्हणून आपला प्याला तेवढा उणा करायचा, असा याचा अर्थ लावला जातो. तालमूदमध्येही आहे की मिसरी सैन्य समुद्रात बुडत असताना देवदूत गाऊ लागले, तेव्हा देवाने त्यांना थांबवलं, कारण बुडणारेही त्याच्याच हातचे होते. सुटकेच्या सणातही ही उलटतपासणी आहे.

म्हणूनच कदाचित हगादाइतकी बदलली गेलेली दुसरी ज्यू पोथी नसेल. इस्राएलमधल्या किबुत्झांनी, म्हणजे सामुदायिक शेतीवसाहतींनी, देवाचं नाव कमी करून वसंत, शेती आणि श्रम यांच्या हगादा केल्या. एप्रिल १९६८ मध्ये किंग यांच्या हत्येनंतर वॉशिंग्टनमध्ये दंगली झाल्या, सैन्य आलं. आर्थर वास्को हे ज्यू कार्यकर्ते पेसाहच्या तयारीला घरी निघाले होते, तेव्हा त्यांच्या गल्लीवर मशीनगन रोखून उभी असलेली लष्करी जीप त्यांना दिसली, आणि ही तर मिसरच्या फारोची सेना, असं त्यांच्या मनात आलं. पुढच्या वर्षी, ४ एप्रिल १९६९ ला, कृष्णवर्णीयांच्या एका चर्चमध्ये सुमारे ८०० गोऱ्या-काळ्या, ज्यू-ख्रिस्ती माणसांनी वास्को यांनी लिहिलेली हगादा मिळून वाचली. १९८० च्या दशकात हेशेल यांच्या कन्या सुसाना हेशेल यांनी सेदरच्या ताटात एक संत्रं ठेवायला सुरुवात केली. समलिंगी आणि समाजाने कडेला सारलेल्या इतरांना जागा द्यायची हा त्यामागचा हेतू. लवकरच एक वेगळीच कथा पसरली: कुणा पुरुषाने म्हणे सुनावलं की बाईला व्यासपीठावर तितकीच जागा जितकी संत्र्याला सेदरच्या ताटात. स्वतः सुसाना सांगत आल्या की असं काही घडलंच नव्हतं, बाईने केलेली गोष्ट पुरुषाच्या तोंडी गेली आणि मूळ हेतू पुसला गेला. संत्रं मात्र अनेक घरांत राहिलं.

मराठीतही हगादा आहे. १८४६ मध्ये मुंबईत आणि १८७४ मध्ये पुण्यात हिब्रूबरोबर मराठी मजकूर असलेल्या हगादा छापल्या गेल्या; पुण्याच्या प्रतीतल्या चित्रांत मात्सा करणाऱ्या बायका साडीत आहेत. ती वाचणारे बेने इस्राएल, म्हणजे अलिबागजवळ नौगावच्या किनाऱ्याला जहाज फुटून लागलेल्या सात जोडप्यांचे आम्ही वंशज, असं सांगणारे कोकणातले ज्यू. त्यांची कहाणी वरच्या सगळ्याच्या उलट दिशेने जाते. त्यांच्याकडे शतकानुशतकं पोथ्या नव्हत्या, रब्बी नव्हते, हिब्रूची ‘शमा’ ही प्रार्थना तेवढी उरली होती. पण दिवस उरले होते. ते तेलाचे घाणे चालवत आणि शनिवारी बंद ठेवत, म्हणून गावाने त्यांना शनवार तेली म्हटलं. हाइम सॅम्युएल केहिमकर यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस लिहिलेल्या इतिहासात त्यांच्या सणांची जुनी नावं नोंदलेली आहेत: नव्याचा सण, खिरीचा सण, आणि मंदिर पडल्याच्या दुखवट्याचा बिरड्याचा सण. एका दिवशी पांढरे कपडे घालून, दारं लावून, कुणाचा स्पर्श न घेता उपास करायचा, हेही चालत आलं होतं. तो योम किप्पूर होता हे कोचीनचे ज्यू शिक्षक आले, छापखाना आला, मराठीत हिब्रू व्याकरण आलं तेव्हा पोथीशी ताडून कळलं. यशयाचा प्रश्न मागाहून आला, उपास आधी होता. मग या लोकांनी आणखी एक गोष्ट केली. कोकणी-देशी कीर्तनाचा साज घेऊन त्यांनी १८८० च्या दशकात मोशे, योसेफ, एस्तेर यांची आख्यानं मराठीत रंगवायला सुरुवात केली. आज त्यांच्यापैकी बहुतेक इस्राएलमध्ये आहेत, आणि तिथेही एलिया हन्नाबीच्या नावाने गोड पोह्यांचा मलिदा होतो.

इस्राएलमध्ये या पोथ्यांचा प्रश्न वेगळा आहे, कारण तिथे धार्मिक आणि निधर्मी यांच्यात राजकीय भिंत आहे. रूथ काल्डेरॉन निधर्मी घरातल्या. तालमूद हा फक्त काळ्या टोपीवाल्यांचा ग्रंथ का, असा प्रश्न पडून त्यांनी तो शिकला आणि १९९६ मध्ये तेल अवीवमध्ये आल्मा ही निधर्मी पाठशाळा काढली. २०१३ मध्ये त्या संसदेवर निवडून गेल्या. फेब्रुवारीतल्या पहिल्या भाषणाला त्या तालमूदचा खंड घेऊन उभ्या राहिल्या आणि सभागृहाला धडा दिला. रब्बी रहुमी माहोझा गावी गुरूकडे शिकत असे आणि वर्षातून एकदा, योम किप्पूरच्या आदल्या दिवशी, घरी येत असे. एकदा तो अभ्यासात बुडाला. बायको वाट बघत होती, आता येईल, आता येईल. तो आला नाही. तिच्या डोळ्यांतून एक टिपूस गळलं. तो त्या वेळी गच्चीवर बसला होता. गच्ची खाली कोसळली आणि तो मेला. अध्यक्षस्थानी शास या कडव्या धार्मिक पक्षाचे सदस्य होते. नावातल्या अक्षरांच्या अंकांवरून त्यांनी मध्येच एक भर घातली, आणि काल्डेरॉन यांनी आनंदाने ती घेतली. पुढे त्या म्हणाल्या की कधी आम्हाला वाटतं आम्ही ती बायको आहोत, लष्करात जातो, कर भरतो, आणि कुणीतरी गच्चीवर शास्त्र वाचत बसलंय. आणि कधी त्या दुसऱ्यांना वाटतं की परंपरेचं ओझं एकटे तेच वाहताहेत आणि बाकीचे समुद्रावर मजा करताहेत. दोन्ही बाजू बरोबर असू शकतात, ही कथेची बाजू त्यांनी मांडली.

ऑक्टोबर २०२३ ची ७ तारीख इस्राएलमध्ये शिमहात तोराची होती. वर्षभराच्या वाचनाचा शेवटचा भाग, मोशेचा मृत्यू, वाचून लगेच जगाच्या निर्मितीपासून पुन्हा आरंभ करायचा, पोथ्या कडेवर घेऊन नाचायचं, असा तो दिवस. त्या सकाळी हमासने हल्ला केला आणि माणसं ओलीस नेली. त्यानंतर गाझात जे युद्ध झालं त्यात हजारो माणसं मेली. २०२४ च्या पेसाहला कित्येक टेबलांवर ओलिसांसाठी रिकाम्या खुर्च्या होत्या. ब्रुकलीनमध्ये काही ज्यूंनी रस्त्यावर सेदर मांडून इस्राएलला शस्त्रं देणं थांबवा अशी मागणी केली आणि अटक करून घेतली. दोन्ही ठिकाणी तीच हगादा उघडलेली होती. एकाला तीत आपली सुटका न झालेली माणसं दिसली, दुसऱ्याला भुकेल्यांना बोलावणारं पहिलं वाक्य.

त्याच पोथीत चार मुलांचा प्रसंग आहे: शहाणं, दुष्ट, भोळं, आणि विचारायचं कसं हे न कळणारं. दुष्ट ठरलेलं मूल विचारतं की हा सगळा विधी तुमच्या दृष्टीने कशासाठी आहे? ‘तुमच्या’ म्हणाल्याबद्दल पारंपरिक हगादा त्याला कडक सुनावते, दात आंबवून टाका म्हणते, तू मिसरात असतास तर सुटला नसतास असंही म्हणते. गेल्या शंभर वर्षांत हे उत्तर किती हगादांनी बदललं याला गणती नाही. कुणी त्या मुलाला सैनिक म्हणून रंगवलं, कुणी बंडखोर म्हणून, कुणी त्याचाच प्रश्न चौघांत सर्वांत प्रामाणिक ठरवला. २०२४ च्या त्या रात्री कित्येक घरांत आईबाप आणि मुलं एकमेकांकडे पाहत तेच पान वाचत होते, आणि चौथं मूल कोण यावर एकमत होण्याआधी दुसरं कोण यावरच भांडण जुंपलं होतं. पण जुन्या मजकुरातसुद्धा त्या मुलाला उठून जायला सांगितलेलं नाही. चौघांची ताटं एकाच टेबलावर वाढलेली असतात.